विंडसर्फिंगचा पहिला धडा : आधी परतीची वाट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशात राहणारी मराठी मंडळी उन्हाळा आला, की जवळच्या तळ्यावर किंवा किनाऱ्यावर विंडसर्फिंगच्या पहिल्या वर्गाला नाव घालतात. आपल्या वाचकांपैकी काहींची मुले, सुना, जावईही त्यांत असतील. नवशिक्यांना शिडाच्या बोर्डावर उभे करण्याचे काम आम्ही करतो, आणि एक गोष्ट आम्हाला ठामपणे सांगायची आहे : पहिल्या दिवशी शिकायचे असते ते निघालो तिथे परत येणे. पुढे जाणे त्या मानाने सोपे आहे. शीड उभे राहिले, की वारा नेतोच. परत यायला मात्र वाऱ्याची दिशा ओळखावी लागते, जागच्या जागी वळता यावे लागते आणि अंगात थोडी ताकद शिल्लक असावी लागते. यातले एकही नसले, तर माणूस किनाऱ्यापासून शे-दोनशे मीटरवर, समोर किनारा दिसत असतानाही, अडकतो.

म्हणून पहिला निर्णय पाण्यात शिरण्याआधीचा, वाऱ्याचा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळेच शिकलो. पाण्याकडून जमिनीकडे येतो तो खारा वारा, जमिनीकडून पाण्याकडे जातो तो मतलई. परीक्षेपुरती पाठ केलेली ही जोडी इथे थेट उपयोगाला येते. जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा कोणताही वारा नवशिक्याला फसवतो. काठाजवळ झाडांचा, इमारतींचा आडोसा असतो, त्यामुळे पाणी ताटातल्या पाण्यासारखे शांत दिसते आणि आज शिकायला उत्तम दिवस आहे असे वाटते. आडोसा संपतो तिथे वारा झोतांनी अंगावर येतो, पुढे पुढे लाटा वाढत जातात, आणि दर वेळी पडून पुन्हा उभे राहीपर्यंत बोर्ड आणखी आत सरकलेला असतो. परतायचे तर वाऱ्याच्या तोंडावर जायचे. पण वारा जिकडून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांच्या पट्ट्यात शीड चालतच नाही. त्या पट्ट्याच्या कडेकडेने नागमोडी वर चढावे लागते. पहिल्या दिवशी हे जमण्याची अपेक्षा धरू नये. जमिनीकडून वारा असेल, तर त्या दिवशी धडा नको, असे स्पष्ट म्हणावे. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर अशा वाऱ्यात जीवरक्षक वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी रंगाची कापडी नळी फडकवतात. ती दिसली, की तरंगणारी खेळणी पाण्यात न्यायची नसतात. नवशिक्याने तीच सूचना स्वतःलाही लागू आहे असे धरावे.

सरळ पाण्याकडून किनाऱ्यावर येणारा वारा सुरक्षित असतो, पण समुद्रावर तो फुटणाऱ्या लाटाही आणतो आणि निघूच देत नाही. सर्वांत चांगला वारा किनाऱ्याला समांतर आणि किंचित किनाऱ्याकडे झुकलेला. त्यात जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा बाजूने लागतो, जी सर्वांत सोपी चाल आहे, आणि काही बिघडले तर वारा तुम्हाला हळूहळू काठालाच लावतो. दिशा ओळखायला यंत्र लागत नाही. चेहरा वाऱ्याकडे करून डोके सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. दोन्ही कानांत आवाज सारखा झाला, की नाक वाऱ्याकडे आहे. मग झेंड्याशी आणि पाण्यावरच्या बारीक सुरकुत्यांशी पडताळून पाहा.

वेग किती हवा? ६ ते १० नॉट, म्हणजे ताशी ११ ते १८ किलोमीटर. याहून कमी असला, तर शिडात जोर भरत नाही आणि तोल सांभाळायला टेकूच मिळत नाही. १२ नॉटच्या वर गेला, तर पहिला धडा पुढे ढकलावा. कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : ८ नॉटचे १६ नॉट झाले, तर हातावरचा ओढा दुप्पट न होता चौपट होतो. परदेशात राहणाऱ्यांची एक नेहमीची चूक इथे सांगायला हवी. काही देशांत हवामानाचा अंदाज नॉटमध्ये न देता सेकंदाला मीटरमध्ये देतात, आणि १ मीटर प्रतिसेकंद म्हणजे जवळजवळ २ नॉट. मोबाइलवर ‘६’ दिसला म्हणून निर्धास्त निघालेला माणूस प्रत्यक्षात १२ नॉटच्या वाऱ्यात उभा असतो. आकड्याखालचे एकक वाचा, आणि शेजारी झोतांचा आकडा असेल तर तोही वाचा. सरासरी ८ आणि झोत १८ असा दिवस सरळ १२ नॉटच्या दिवसापेक्षा वाईट. ॲप काहीही म्हणो, पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले, की वारा पहिल्या धड्याच्या पलीकडे गेला.

समुद्रकिनाऱ्यावर उन्हाळ्यात खारा वारा उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारी जोर धरतो, म्हणून सकाळची वेळ मागून घ्यावी. पण हा नियम सगळीकडे चालत नाही. इटलीतल्या गार्डा सरोवरावर पहाटेपासून उत्तरेचा ‘पेलेर’ वाहतो आणि दुपारी दक्षिणेचा ‘ओरा’. तिथे वेळ बदलली, की वाऱ्याची बाजूच बदलते. आल्प्सच्या परिसरातल्या तळ्यांवर वादळ डोंगराआडून काही मिनिटांत येते. स्वित्झर्लंडच्या तळ्यांवर आणि बोडेन्झे सरोवरावर काठाने नारिंगी दिवे लावलेले असतात : मिनिटाला ४० वेळा लुकलुकले, तर सावधगिरीचा इशारा, ९० वेळा लुकलुकले, तर वादळाचा. पहिल्या इशाऱ्यालाच पाण्याबाहेर यायचे. समुद्र असेल, तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहा. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचा ओढा खाडीच्या तोंडाशी जोरदार असतो आणि वाऱ्यापेक्षा तोच तुम्हाला आत नेतो. पहिल्या धड्याला भांगाचे दिवस आणि चढते पाणी बरे.

शिकवणारी संस्था निवडताना विचारायचे प्रश्न मोजके आहेत, पण परक्या भाषेत विचारायचा संकोच होतो म्हणून ते राहून जातात. एका प्रशिक्षकामागे किती जण? सहापेक्षा जास्त नसावेत. बचावाची मोटारबोट पाण्यात असते, की काठावर बांधलेली? पहिल्या तासाला पाणी किती खोल? कमरेएवढे आणि तळ वाळूचा असेल, तर उत्तम. माझ्या वजनाला बोर्ड किती लिटरचा देणार? वारा बिघडला, तर धडा पुढे ढकलता, की पैसे बुडतात? शेवटचा प्रश्न पैशाचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे. पैसे बुडणार असतील, तर माणूस नको त्या दिवशीही पाण्यात उतरतो. ब्रिटनमध्ये रॉयल यॉटिंग असोसिएशनची मान्यता असलेली केंद्रे असतात, जर्मन भाषक प्रदेशात व्हीडीडब्ल्यूएस या जलक्रीडा-शाळांच्या जर्मन संघटनेशी जोडलेल्या शाळा असतात. व्हीडीडब्ल्यूएसचे प्राथमिक प्रमाणपत्र पुढे अनेक ठिकाणी बोर्ड भाड्याने घेताना दाखवावे लागते, तेव्हा ते जपून ठेवा. प्रकृतीच्या अर्जात खरे लिहा. खांदा पूर्वी निखळलेला असेल, कंबरदुखी असेल, फिट येत असेल, दमा असेल, तर प्रशिक्षकाला ते आधी कळायला हवे. तुमच्या आरोग्यविम्यात पाण्यावरचे खेळ धरले आहेत का, तेही एकदा वाचून घ्या.

आणि पोहता येत नसेल, तर आधी पोहायला शिका. आमचे हे मत पक्के आहे. तरंगायचे जाकीट अंगात असले, तरी डोक्यावरून पाणी गेल्यावर न घाबरता श्वास सावरता यायला हवा, निदान ५० मीटर पोहता यायला हवे. शीड अंगावर पडून क्षणभर अंधार होतो, तेव्हा ज्याला पाण्याची सवय नाही तो उगाच धडपडतो.

भाषेचा मुद्दा आणखी एका ठिकाणी अडतो. पाण्यावर आवाज वाऱ्याबरोबर जातो. प्रशिक्षक वाऱ्याकडच्या बाजूला असेल, तर त्याचे बोलणे तुम्हाला ऐकू येते, तुमचे त्याला येत नाही. त्यात भाषा परकी, कानांत पाणी, आणि समजले नाही तरी मान डोलावण्याची आपली सवय. म्हणून काठावर असतानाच तीन शब्द पक्के करून घ्या : शीड सोडा, थांबा, परत फिरा. स्थानिक भाषेत हे तीन शब्द कसे म्हणतात ते प्रशिक्षकाकडून दोन-तीनदा वदवून घ्या आणि प्रत्येकासाठी एक हातवारा ठरवा. मदतीची आंतरराष्ट्रीय खूण मात्र सगळीकडे एकच : दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करायचे. एक हात हलवला, तर लोक उलट नमस्कार करतात.

आता साधने. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, २०२४ साली, पाण्यावरून दोन-तीन फूट उंच उडत जाणारे बोर्ड अनेकांनी पाहिले. ते फॉइलचे, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर उचलले जाणारे बोर्ड; त्यांचा पहिल्या धड्याशी संबंध नाही. तुम्हाला हवा रुंद, जाड, दिसायला दारासारखा बोर्ड : रुंदी ८० ते १०० सेंटिमीटर, आकारमान १८० ते २२० लिटर, वरचा पृष्ठभाग मऊ. हिशेब साधा आहे. एक लिटर आकारमान जवळजवळ एक किलो वजन तोलते. ७० किलोचा माणूस, १४ किलोचा बोर्ड, आणि शीड, मास्ट (शिडाचा खांब) व बूम (शिडाभोवतीची धरायची दांडी) यांचे ७ किलो मिळून ९१ किलो. २०० लिटरच्या बोर्डात १०० लिटरहून जास्त शिल्लक उरते, आणि तुम्ही चुकून कडेवर पाय दिला तरी कलंडू न देण्याचे काम ती शिल्लक आणि रुंदी मिळून करतात. ‘तुम्ही तरुण आहात, १४० लिटर पुरेल’ असे कोणी म्हणाले, तर ऐकू नका. लहान बोर्डावर पहिला तास नुसता पडण्यात जातो.

बोर्डाच्या मधोमध खाली सरकणारी फळी असते तिला डॅगरबोर्ड म्हणतात. पहिल्या धड्याला ती पूर्ण खाली हवी. ती नसेल, तर बोर्ड पुढे जाण्याऐवजी खेकड्यासारखा आडवा घसरतो आणि तुम्ही वाऱ्याबरोबर वाहत जाता. पण ती खाली असताना पाणी मीटरभर तरी खोल हवे; तळाला टेकली, की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. मागच्या टोकाखाली छोटा पंखा असतो तो फिन. सुकाणू नसतेच. मास्टच्या बुडाशी सर्व दिशांना वाकणारा आणि फिरणारा सांधा असतो, आणि शीड पुढे-मागे झुकवूनच बोर्ड वळवायचा. कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ साली ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला तिचा जीव या सांध्यात आहे. तो बोर्डात बसवल्यावर खिळी ‘खट्’ वाजली का ते ऐका आणि मास्ट धरून वर ओढून पाहा. अर्धवट बसलेला सांधा पाण्यात निसटला, तर शीड एकीकडे आणि बोर्ड दुसरीकडे जातो.

शीड प्रौढांसाठी ३ ते ४.५ चौरस मीटर, मुलांसाठी १ ते २.५. बूम बोर्डावर उभे राहिल्यावर खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये येईल इतक्या उंचीवर बांधलेली हवी. खाली बांधली, तर माणूस कमरेत वाकतो आणि पहिल्या झोतालाच पुढे ओढला जातो. भाड्याच्या सामानात बूम आधीच्या माणसाच्या उंचीवर असते. बदलून मागायला लाजू नका.

अंगावर काय घालायचे ते हवेवर न ठरवता पाण्यावर ठरवा. हवा २८ अंश आणि पाणी १५ अंश ही परिस्थिती थंड देशांत वसंतात नेहमीची. साधारण हिशेब असा : पाणी २४ अंशांच्या वर असेल, तर पोहण्याचा अंगरखा पुरतो; २० ते २४ ला आखूड वेटसूट, म्हणजे निओप्रीन रबराचा अंगाला चिकटून बसणारा पोशाख; १५ ते २० ला ३/२ मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट; १० ते १५ ला ५/४ चा. त्याखाली पहिला धडा घेऊ नये. थंड पाण्यात पडल्यावर पहिले मिनिटभर श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो. त्या वेळी काही करायला जाऊ नका, बोर्डाला धरा, श्वास आवरू द्या. वेटसूट घट्टच हवा. काखेत आणि पाठीत पाण्याची पिशवी साठली, तर माप मोठे आहे. पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, की तो सरकत वर जातो. नखांनी ओढू नका, निओप्रीन फाटते. बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून थोडे थोडे वर घ्या. चेन बहुधा पाठीमागे असते.

पायात पातळ तळाचे निओप्रीनचे बूट हवेतच. तळाशी शिंपले, काटेरी समुद्री जीव असतात आणि वर मास्टचा सांधा असतो. अनवाणी माणसाची करंगळी हमखास त्यावर आपटते. अंगात ५० न्यूटनचे (न्यूटन हे तरंगवण्याची ताकद मोजायचे एकक) तरंगायचे जाकीट घाला. बोटीवरची आपोआप फुगणारी जाकिटे इथे चालत नाहीत, पहिल्याच पडण्यात ती फुगतात आणि मग हालचाल करता येत नाही. मात्र ५० न्यूटनचे जाकीट शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्यावर फिरवत नाही, म्हणून काठावर किंवा बोटीत तुमच्यावर कोणाची तरी नजर असलीच पाहिजे. हेल्मेट मिळत असेल, तर घाला. अंगठ्या काढून ठेवा. चष्म्याला मागून पट्टा बांधा. उन्हाचे मलम लावल्यावर तळहात साबणाने धुवा, नाहीतर बूम हातातून निसटते.

पाण्याआधी वाळूवर सराव करून घेणारा प्रशिक्षक चांगला. १५-२० मिनिटे तिथे दिली, की पाण्यातला निम्मा गोंधळ टळतो. आता खुद्द कृती. बोर्ड वाऱ्याला आडवा ठेवा, म्हणजे वारा त्याच्या एका बाजूवर येईल. शीड वाऱ्याआडच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, पाण्यावर पडलेले हवे. तुम्ही त्याच्या विरुद्ध, वाऱ्याकडच्या बाजूने चढा. शीड चुकून वाऱ्याकडे पडले असेल, तर ते तसेच उचलू नका. वर येताच वारा त्याखाली शिरतो आणि ते गरकन फिरून तुमच्या अंगावर येते. दोरी हातात धरून मास्ट नुसती किंचित उचला, वारा आणि पाणी मिळून बोर्ड हळूहळू फिरवतात आणि शीड योग्य बाजूला येते. मिनिटभर लागतो. थांबा.

चढताना गुडघ्यांवर, मग मास्टच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उकिडवे, मग उभे. पाय खांद्याइतके लांब, दोन्ही पावले बोर्डाच्या मध्यरेषेवर. शीड ओढायच्या जाड दोरीला अपहॉल म्हणतात. आता या खेळातला सर्वांत जास्त कंबरा दुखवणारा क्षण येतो, म्हणून इथे थोडे थांबतो. पडलेल्या शिडावर पाणी साचलेले असते. ४ चौरस मीटरच्या शिडावर नुसते एक सेंटिमीटर पाणी असले, तरी ते ४० लिटर होते, म्हणजे ४० किलो. पाठ वाकवून, हातांच्या जोरावर ते एकदम उचलायला जाणारा माणूस दहाव्या खेपेला दमतो आणि दुसऱ्या दिवशी उठू शकत नाही. दोरी धरा, हात सरळ ठेवा, गुडघे वाकवा, पाठ ताठ, आणि अंगाचे वजन नुसते मागे टाका. विहिरीतून बादली ओढतो तसे करायचे नाही. खुर्चीत बसायला निघाल्यासारखे मागे टेकायचे. मास्ट पाण्यापासून वीतभर उचलली गेली, की तिथेच थांबा. शिडाच्या कडेवरून पाणी पन्हळीसारखे ओघळताना दिसते. तीन-चार श्वास घ्या. ओढा एकाएकी हलका होतो, तो हातांना कळतो. मगच हातावर हात घेत दोरी आखडायची आणि गुडघे हळूहळू सरळ करायचे.

शीड पाण्याबाहेर आले, की दोरी सोडून मास्ट दोन्ही हातांनी बूमच्या खाली धरा. हात सरळ, शीड झेंड्यासारखे वाऱ्याबरोबर मोकळे फडफडू द्या, बोर्डाशी काटकोनात. ही सुरक्षित स्थिती. काहीही बिनसले, की इथेच परत यायचे. या स्थितीत दोन मिनिटे नुसते उभे राहून पाहा.

आणि निघण्याआधी, इथेच, वळायला शिका. मास्ट मागच्या टोकाकडे झुकवली, की पुढचे टोक वाऱ्याकडे वळते. पुढे झुकवली, की वाऱ्यापासून दूर जाते. कारण शिडावरचा ओढा पाण्याखालच्या डॅगरबोर्डच्या मागे गेला, तर मागचे टोक ढकलले जाते, पुढे आला, तर पुढचे. जागच्या जागी तोंड फिरवण्यासाठी मास्ट मागे झुकवून तशीच धरा आणि बोर्ड तुमच्या पायांखाली फिरेल तशी मास्टच्या बुडाभोवती अर्ध्या अर्ध्या पावलांनी चालत राहा. पाय एकमेकांवर ओलांडू नका. पुढचे टोक वाऱ्यातून पार होऊन १८० अंश फिरले, की तुमची पाठ पुन्हा वाऱ्याकडे आणि तोंड परतीच्या दिशेला. हे वळण दोन्ही बाजूंना तीन-तीनदा जमल्याशिवाय बूमला हात लावू नये, असा आमचा आग्रह असतो. बरेच ठिकाणी हा भाग घाईत उरकतात, कारण शिकणाऱ्याला पळायचे असते. तो आग्रह तुम्ही स्वतः धरा.

आता निघणे. आधी दूरची एक खूण पाहून ठेवा, वाऱ्याला काटकोनात : एखादे झाड, बोयरे, काहीही. मागचे पाऊल पाऊणेक मीटर मागे, डॅगरबोर्डच्या वर. पुढचे पाऊल मास्टच्या लगेच मागे, बोटे पुढच्या टोकाकडे. पुढच्या हाताने मास्ट अंगासमोरून वाऱ्याकडे ओढा, इतकी, की शिडाचे वजन नाहीसे झाल्यासारखे वाटेल. तो तोलाचा बिंदू. मग मागचा हात बूमवर, मग पुढचा. मागच्या हाताने शीड हळूच आत घ्या, अर्धवट उघडे दार ओढून घेतो तसे. वारा भरताच बोर्ड सरकतो आणि बूमवर टेकू मिळतो. त्या टेकूइतकेच अंग मागे न्यायचे. नजर खुणेवर. पायांकडे पाहिले, की डोके खाली जाते, डोक्यामागे खांदे, आणि तोल जातो.

बिघडते ते बहुधा तीन जागी. पहिली : झोत आला, की माणूस घाबरून दोन्ही हातांनी बूम आवळतो आणि शीड त्याला उचलून पुढे फेकते. मागचा हात सैल करा, एवढेच. हात सैल होताच शिडातला वारा निघून जातो. ही सवय वाळूवरच लावून घ्यावी, कारण पाण्यावर शरीराची पहिली ओढ नेमकी उलटी असते. दुसरी : कोणी काही न करता बोर्ड आपोआप वाऱ्याकडे वळतो आणि थांबतो. बहुतेक वेळा वजन मागच्या पायावर गेलेले असते किंवा मास्ट मागे झुकलेली असते. मास्ट जराशी पुढे न्या. तिसरी : दहा मिनिटांत हाताचे पुढचे स्नायू दगडासारखे होतात. मूठ आवळून धरलेली असते. बोटे आकड्यासारखी अडकवा, अंगठा मोकळा ठेवा.

पडाल तर पाठीवर, सपाट पडा. डोक्यावर सूर मारू नका, खोली दिसते तितकी नसते. वर येताना एक हात डोक्यावर धरा, मास्ट अजून खाली येत असू शकते. शीड अंगावर आले, तर ते एका हाताने वर ढकला, हवेची पोकळी होते, आणि एकाच दिशेने हात मारत कडेला या. आणि बोर्ड सोडू नका. पाण्यात आडवे पडलेले शीड नांगरासारखे काम करते, त्यामुळे बोर्ड फार पळत नाही. त्याला धरून असलेला माणूस लांबूनही दिसतो, एकटे डोके लाटांत दिसत नाही. किनारा जवळ वाटला, तरी पोहत निघू नका.

दर फेरीत तुम्ही थोडे थोडे वाऱ्याआड सरकणारच, ते टळत नाही. म्हणून निघताना वाऱ्याआडच्या बाजूला मोकळी जागा ठेवा आणि दोन-तीन मिनिटांपेक्षा लांब एका दिशेने जाऊ नका. वळा, परत या. बरेच खाली वाहत गेलात, तर पाण्यात उतरून बोर्ड चालवत आणता येईल एवढेच पाणी असावे, म्हणून तर कमरेएवढी खोली मागायची. खोल पाण्यात वारा पडला किंवा ताकद संपली, तर शीड बोर्डाच्या मागच्या टोकावर आडवे ओढून घ्या, बूम बोर्डावर टेकवा, शिडाचे टोक पाण्याबाहेर ठेवा, आणि पोटावर किंवा गुडघ्यांवर होऊन हातांनी वल्हवा. वाऱ्याला आडवे, जवळच्या काठाकडे जा. निघालो तिथेच पोचण्याचा हट्ट तेव्हा धरू नका. हे काठाजवळ एकदा तरी करून पाहावे, पाच मिनिटांचे काम आहे. युरोपात मदतीला ११२.

एका वेळी दोन तास पुरेत, मुलांना एक. अर्ध्या तासाने पाणी प्या, थंडीने दात वाजू लागले, तर बाहेर या. पडण्याची संख्या शेवटच्या वीस मिनिटांत वाढते. तीनदा लागोपाठ शीड उचलून पुन्हा पडलात, तर थांबा. दुसरा धडा त्याच आठवड्यात घ्यावा, पायांनी शिकलेला तोल तोवर टिकतो, आणि बोर्ड तोच, शीड तेवढेच मागावे. मोठे शीड आणि कमरेला अडकवायचा पट्टा मागण्याची वेळ दोन्ही बाजूंनी जाऊन-येऊन निघाल्या जागी दहापैकी आठदा पोचू लागलात, की येते.

आपले,
नवशिक्यांना शिकवणारे काही विंडसर्फिंग प्रशिक्षक